एका आंत्ररोगाची कैफियत

रोगांनाही इतिहास असतो, ही गोष्ट आपण सामान्यतः साथीच्या रोगांपुरतीच ध्यानात ठेवितो. प्लेग, पटकी आणि देवी यांनी शहरे ओस पाडिली, सरकारास कायदे करावयास लाविले, आणि म्हणून इतिहासकारास त्यांची दखल घेणे भाग पडले. परंतु असेही काही रोग आहेत की, जे एका घरात एकाच माणसास गाठतात, त्यास वर्षानुवर्षे सोडीत नाहीत, आणि ज्यांचा उच्चार चारचौघांत करण्याचीही त्यास लाज वाटते. अशा रोगांचा इतिहास बहुधा वैद्यकाच्या ग्रंथांतच राहतो, आणि तो बाहेर न आल्यामुळे त्याच्यापासून घ्यावयाचा धडाही तेथेच पडून राहतो. आतड्यांचा जुनाट दाह हा असा एक रोग आहे. वस्तुतः हे दोन रोग होत, पण ते इतके जवळचे आहेत की, त्यांची हकीकत एकत्रच सांगावी लागते.

पैकी पहिल्यास अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. यात मोठ्या आतड्याच्या आतील अस्तरास सूज येऊन व्रण पडतात. दाह बहुधा गुदद्वारापाशी सुरू होतो आणि तेथून अखंडपणे वर सरकतो. रोग्यास दिवसातून अनेक वेळा शौचास जावे लागते, रक्त व आव पडते, पोटात कळा येतात आणि शरीर खंगत जाते. दुसरा रोग क्रोन्स डिसीज या नावाने ओळखिला जातो. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही होऊ शकतो, तथापि लहान आतड्याच्या शेवटच्या भागाशी त्याची विशेष सलगी आहे. तो अस्तरापुरता न थांबता आतड्याच्या भिंतीच्या संपूर्ण जाडीत शिरतो, मधले काही भाग निरोगी सोडून पुढे उडी घेतो, आतडे अरुंद करितो आणि कधी कधी भगंदरासारखे नाडीव्रण उत्पन्न करितो. दोन्ही रोग बहुधा ऐन तारुण्यात प्रकट होतात. दोन्ही काही काळ भडकतात व काही काळ शांत राहतात. आजचे वैद्यक असे मानते की, आनुवंशिक प्रवृत्ती, आतड्यातील सूक्ष्म जंतूंची वस्ती आणि बाह्य परिस्थिती यांच्या संयोगाने शरीराची संरक्षक सेना आपल्याच आतड्यावर शस्त्र उगारते आणि ते पुन्हा म्यान करावयास विसरते. हा संयोग नेमका कशाने जुळतो, हे मात्र अद्याप पुरते उलगडलेले नाही.

एवढे समजण्यास वैद्यकास शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. त्या काळात खरे कारण सापडले नाही, परंतु आरोपी मात्र पुष्कळ सापडले, आणि त्या आरोपांचा भार बहुतेक वेळा रोग्याने किंवा त्याच्या घरच्यांनी वाहिला. या रोगाच्या इतिहासाचे मर्म यातच आहे, आणि त्याचा आरंभही खरोखरच न्यायालयातील एका आरोपाने झाला.

इंग्लंडात लंडनजवळच्या रिचमंड गावी १८५९ सालच्या मे महिन्यात इझाबेला बँक्स नावाची सुमारे बेचाळीस वर्षांची स्त्री मरण पावली. डॉक्टर टॉमस स्मेथर्स्ट याने आपली पहिली पत्नी जिवंत असताना तिच्याशी विवाह लाविला होता. मरणापूर्वी कित्येक दिवस तिला एकसारख्या वांत्या व रक्तमिश्रित जुलाब होत होते, आणि मृत्यूच्या अगदी तोंडावर तिने आपली मालमत्ता स्मेथर्स्टच्या नावे करून दिली होती. संशयास याहून अधिक काय हवे? त्या काळचे विषपरीक्षेतील सर्वश्रेष्ठ पंडित आल्फ्रेड स्वेन टेलर यांनी स्मेथर्स्टच्या औषधांपैकी एका बाटलीत सोमल सापडल्याचे प्रथम सांगितले. पुढे असे निष्पन्न झाले की, परीक्षेसाठी वापरलेल्या तांब्याच्या जाळीतच सोमलाचा अंश होता आणि बाटलीतील क्षाराने तो बाहेर पडला होता! टेलर यांना ही चूक भर न्यायालयात कबूल करावी लागली. तरीही ज्यूरीने ऑगस्ट महिन्यात स्मेथर्स्टला दोषी ठरविले आणि त्यास फाशीची शिक्षा झाली. त्यावर वैद्यांत व वर्तमानपत्रांत मोठी खळबळ उडाली. गृहमंत्र्यांनी सर बेंजामिन ब्रोडी या नामांकित शस्त्रवैद्याचे मत मागविले, आणि पुरावा अपुरा आहे असे त्यांनी सांगितल्यावर स्मेथर्स्टला माफी मिळाली. दुसऱ्या विवाहाच्या गुन्ह्याबद्दल मात्र त्यास एक वर्षाचा तुरुंगवास भोगावा लागला.

गाइज हॉस्पिटलातील सॅम्युएल विल्क्स यांनी त्या स्त्रीची आतडी तपासून त्यांचे वर्णन त्याच वर्षी एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्या लेखामुळेच या व्रणयुक्त दाहास स्वतंत्र रोग म्हणून ओळख मिळू लागली. विल्क्स यांच्या वर्णनात लहान आतड्याच्या टोकाचाही दाह आहे, त्यावरून पुढील काळातील अभ्यासकांनी असे म्हटले आहे की, हा कदाचित क्रोन्सचाच प्रकार असावा. ते काही असो. स्मेथर्स्ट सज्जन नव्हता हे खरे, पण दुर्जनास लटकविण्यासाठीसुद्धा गुन्हा घडलेला असावा लागतो. वैद्यास जो रोग ओळखता आला नाही, त्याची जागा न्यायालयात विषाने घेतली, आणि एक मनुष्य फाशीच्या दोरापर्यंत जाऊन परत आला.

आपल्या देशात मात्र या रोगास दुसऱ्याच प्रकारचा पडदा मिळाला. रक्ती आव, मुरडा, संग्रहणी ही नावे येथे घरोघर ठाऊक आहेत. कुड्याची साल, डाळिंबाची साल व ताक हे उपचारही आजीबाईच्या बटव्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. जेथे आवेचा विकार इतका सार्वत्रिक, तेथे रक्त पडणारा प्रत्येक रोगी आवेचाच मानिला जावा यात नवल नाही. रशियात लोश यांनी १८७५ साली आवेच्या रोग्याच्या मळात अमीबा दाखविला, जपानात शिगा यांनी १८९७ साली दुसऱ्या प्रकारच्या आवेचा जंतू शोधून काढिला, आणि कलकत्त्यास लेनर्ड रॉजर्स यांनी १९१२ साली एमेटीन टोचून अमीबाची आव आटोक्यात आणता येते हे सिद्ध केले. या शोधांनी असंख्य प्राण वाचले. त्यांचा आणखी एक परिणाम असा की, ज्यांच्या मळात ना अमीबा ना शिगाचा जंतू, आणि ज्यांस एमेटीनचा काडीमात्र उपयोग नाही, असे काही रोगी शेष राहिले. चाळणीतून धान्य गेल्यावर वर खडे उरावेत, तसा हा रोग उरला. लंडन येथे १९०९ साली रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनच्या सभेत अशा तीनशेहून अधिक रोग्यांची माहिती एकत्र करण्यात आली. तेव्हा असे आढळले की, रुग्णालयात आलेल्या या रोग्यांपैकी जवळजवळ निम्मे दगावले होते.

दुसरा पडदा क्षयाचा होता. लहान आतड्याच्या शेवटी गाठ आली, आतडे जाड व अरुंद झाले की, तो क्षय, असे शस्त्रवैद्य समजत. ग्लासगोचे डॅल्झील यांनी १९१३ साली असे काही रोगी वर्णून सांगितले की, हे दिसावयास क्षयासारखे असले तरी क्षयाचे जंतू यात सापडत नाहीत. परंतु पुढल्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि तो लेख विस्मृतीत गेला. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग व ओपेनहायमर यांनी १९३२ साली चौदा रोग्यांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा हा रोग स्वतंत्र म्हणून मान्य झाला. लेखकांची नावे वर्णक्रमाने छापिली होती. क्रोन यांचे नाव आधी आले, आणि रोग त्यांच्या नावाने अमर झाला. ज्यांनी या रोग्यांवर शस्त्रक्रिया केल्या होत्या, त्या बर्ग यांनी आपले नाव घालू दिले नाही. कीर्ती कोणाच्या पदरात पडावी, हे कधी कधी मुळाक्षरेही ठरवितात! क्षय आणि क्रोन्स यांतील भेद मात्र आपल्याकडे अजूनही केवळ इतिहासाचा विषय झालेला नाही. भारतात आतड्यांचा क्षय आजही आढळतो, दोहोंची लक्षणे जुळती असतात, आणि निश्चय न झाल्यास प्रथम क्षयाचे औषध देऊन पाहावे व गुण न आल्यास पुन्हा विचार करावा, हा मार्ग येथील अनुभवी डॉक्टरांसही पुष्कळदा पत्करावा लागतो.

जंतू सापडेना तेव्हा वैद्यकाची दृष्टी रोग्याच्या मनाकडे वळली. न्यूयॉर्क येथील सेसिल मरे या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १९३० साली असा निबंध लिहिला की, या रोगाच्या मुळाशी मानसिक क्षोभ असतो. ही कल्पना झपाट्याने पसरली. शिकागोच्या फ्रान्झ अलेक्झांडर या मनोविश्लेषकाने ज्या सात रोगांचे मूळ मनात शोधिले, त्यांत अल्सरेटिव्ह कोलायटिसची गणना होती. रोगी परावलंबी, हट्टी, मनातल्या मनात कुढणारा असतो, आणि त्याची आई सत्ता गाजविणारी असते, अशी चित्रे ग्रंथांतून रंगविली गेली. याचा अर्थ रोग्याच्या घरी काय होत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. वीस वर्षांचा मुलगा रक्त जाऊन अंथरुणास खिळलेला, आणि त्याच्या आईस सांगितले जात आहे की, हे तुमच्या स्वभावाचे फळ! १८५९ साली न्यायालयाने नवऱ्याकडे बोट दाखविले होते. विसाव्या शतकाच्या मध्यास दवाखान्याने आईकडे व खुद्द रोग्याकडे बोट दाखविले.

या मताचा कस पुढे १९९० साली लागला. अमेरिकेतील काही संशोधकांनी या विषयावरील शंभराहून अधिक निबंध तपासून पाहिले. त्यांना असे आढळले की, बहुतेकांची मांडणीच सदोष होती, आणि जे थोडे नीट केलेले होते त्यांत मनोविकार व हा रोग यांचा संबंध दिसत नव्हता. येथे एक भेद मात्र ध्यानात ठेविला पाहिजे. रोगामुळे मन खचते हे खरे आहे, आणि खचलेल्या मनास आधार देणे हाही उपचाराचाच भाग होय. परंतु रोगाने खचलेले मन पाहून त्यालाच रोगाचे कारण ठरविणे, म्हणजे घर जळाले म्हणून रडणाऱ्यावरच आग लाविल्याचा आळ घेणे होय.

कारणांचा हा वाद चालू असतानाच उपचाराची वाट दुसरीकडून निघाली, आणि तीही एका चुकीच्या तर्कातून. स्वीडनमधील नाना स्वार्ट्झ या विदुषी डॉक्टर सांधेदुखीवर औषध शोधीत होत्या. सांध्यांच्या दाहाचे मूळ जंतूत आहे अशा समजुतीने त्यांनी एका औषध कारखान्याच्या साह्याने जंतुनाशक सल्फा व दाहशामक सॅलिसिलेट यांचे एक संयुग तयार करविले. ज्या रोग्यांस कोलायटिसही होता, त्यांची आतडी या औषधाने सुधारू लागली, आणि १९४२ साली स्वार्ट्झ यांनी ती हकीकत प्रसिद्ध केली. औषध गुण देई, पण का देई हे पस्तीस वर्षे कोणासच ठाऊक नव्हते. ऑक्सफर्ड येथे १९७७ साली आझाद खान यांनी आपल्या सहकाऱ्यांसह संयुगाचे दोन भाग निरनिराळे करून रोग्यांस बस्तिरूपाने देऊन पाहिले. पुढे बांगलादेशात वैद्यकात थोर पदास चढलेले ते हेच खान. त्यात असे दिसले की, गुण सॅलिसिलेटच्या भागाचा आहे, आणि सल्फा केवळ त्यास मोठ्या आतड्यापर्यंत पोचविणारा हमाल आहे. आजचे मेसालाझिन हे औषध म्हणजे तो हमाल वगळून उरलेला माल होय.

तथापि या रोगाच्या इतिहासात खरी क्रांती कोणती, असे विचारल्यास एका औषधाचे नव्हे, तर एका पद्धतीचे नाव घ्यावे लागेल. ऑक्सफर्डचे ट्रूलव्ह व विट्स यांनी नव्याने उपलब्ध झालेल्या कॉर्टिझोनची परीक्षा अशा रीतीने केली की, कोणास खरे औषध व कोणास निर्गुण गोळी मिळावी, हे वैद्याच्या मर्जीवर नव्हे तर चिठ्ठीवर ठरावे. १९५५ साली त्यांनी २१० रोग्यांचा अंतिम अहवाल प्रसिद्ध केला. सहा आठवड्यांअंती कॉर्टिझोन घेणाऱ्यांपैकी शेकडा ४१ रोग्यांचा दाह शमला होता, आणि दुसऱ्या गटात शेकडा १६ जणांचाच. थोर वैद्याचे मत प्रमाण मानण्याऐवजी मोजून पाहण्याची ही शिस्त आली, आणि कारण ठाऊक नसतानाही उपचार पारखून घेता येतो हे सिद्ध झाले. पुढे १९६५ साली याच शिस्तीने आणखी दोन गोष्टी कळल्या. भडका विझविणारी कॉर्टिझोनच्या वर्गातील औषधे शांततेच्या काळात चालू ठेवून लाभ होत नाही, आणि स्वार्ट्झ यांचे औषध नियमाने घेत राहिल्यास शांतता अधिक काळ टिकते. आग विझविणारा बंब निराळा आणि आग लागू नये म्हणून राखावयाचा पहारा निराळा! रोग सांभाळण्याच्या साऱ्या शास्त्राचा पाया या एका वाक्यात आहे. आजही बरे वाटू लागताच औषध बंद करणारे रोगी पुष्कळ आढळतात, आणि त्यांपैकी अनेकांस त्याची किंमत पुढल्या भडक्यात मोजावी लागते.

ज्यांस औषधाने गुण येत नसे त्यांच्यापुढे शस्त्रक्रिया हा एकच मार्ग असे. सेंट लुईचे ब्राउन यांनी १९१३ साली लहान आतड्याचे टोक पोटावर काढून मोठ्या आतड्यास विश्रांती देण्याचा उपाय वर्णिला. प्राण वाचत, पण पुढचे जिणे दुःसह असे. ते छिद्र सुजे, आखडे, आणि त्यातून येणाऱ्या पातळ मळाने भोवतालची कातडी भाजून निघे. बर्मिंगहॅमचे ब्रायन ब्रुक यांनी १९५२ साली एक साधी युक्ती सांगितली. आतड्याचे टोक सदऱ्याच्या बाहीसारखे उलटे दुमडून कातडीस शिवावे, म्हणजे आतील अस्तर बाहेर येते व सूज टळते. या एका दुमडीने हजारो माणसांस पुन्हा कामधंद्यास जाणे शक्य झाले. अशा माणसांनी एकत्र येऊन १९५६ साली ब्रिटनमध्ये आपला संघही स्थापन केला, आणि जी गोष्ट बोलण्याची चोरी होती ती परस्परांस समजावून सांगण्यास आरंभ केला. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील पार्क्स व निकोल्स यांनी १९७८ साली लहान आतड्याचीच पिशवी करून ती गुदद्वाराशी जोडण्याची कृती प्रसिद्ध केली, तेव्हापासून अनेकांस पोटावरील छिद्रही कायमचे बाळगावे लागत नाही. मात्र मोठे आतडे काढल्याने अल्सरेटिव्ह कोलायटिस जसा संपतो, तसा क्रोन्स संपत नाही. तो उरलेल्या आतड्यात पुन्हा डोके वर काढू शकतो. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यावर १९५६ सालच्या जूनमध्ये याच रोगामुळे शस्त्रक्रिया करावी लागली. नोव्हेंबरात ते पुन्हा निवडून आले.

अलीकडच्या काळात शरीराच्या बेफाम झालेल्या संरक्षक सेनेसच आवर घालणारी औषधे आली. त्यांपैकी इन्फ्लिक्सिमॅब हे प्रतिद्रव्य, जे दाह भडकविणाऱ्या एका प्रथिनास निष्प्रभ करिते, ते अमेरिकेत १९९८ साली क्रोन्ससाठी संमत झाले. परंतु २००१ साली हेही उघड झाले की, त्याच्या योगाने शरीरात दडून बसलेला क्षय जागा होऊ शकतो. ज्या देशात क्षय घरोघर ठाऊक आहे तेथे ही सूचना दुर्लक्षून चालणार नाही. म्हणून असे औषध सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी आवश्यक मानितात. त्याच २००१ साली या रोगाशी संबंध असलेले पहिले जनुक सापडले, पण युरोपीय रोग्यांत आढळणारे त्यातील ठळक फेरफार भारतीय व जपानी रोग्यांत क्वचितच आढळतात. तात्पर्य, एका देशाचे उत्तर दुसऱ्या देशास जसेच्या तसे लागू पडत नाही.

हा रोग गोऱ्या लोकांचा, आपल्याकडे तो नाहीच, ही समजूतही आता टिकण्यासारखी नाही. पंजाबात झालेल्या व २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर लाखामागे सुमारे ४४ लोकांस अल्सरेटिव्ह कोलायटिस असल्याचे दिसले. इंग्लंडातील लेस्टर शहरी वसलेल्या भारतीय वंशाच्या लोकांत तर त्याचे प्रमाण तेथील मूळ रहिवाशांहून अधिक आढळले. तेव्हा हवा, पाणी, अन्न व राहणी यांच्या पालटाचा या रोगाशी काही संबंध असावा, एवढे अनुमान निघते.

मग रोग्याने व त्याच्या घरच्यांनी काय करावे? इतिहासाने दिलेले उत्तर साधे आहे. निदान पक्के करून घ्यावे. शांततेच्या काळातही ठरलेले औषध वैद्यास विचारल्यावाचून सोडू नये. क्रोन्सच्या रोग्याने तंबाखूचा धूर वर्ज्य करावा. दुखण्यावरच्या गोळ्या मनानेच घेऊ नयेत, कारण त्यांपैकी काहींनी दाह चाळवितो. रोगास आठ-दहा वर्षे झाली म्हणजे आतड्याची दुर्बिणीने वेळोवेळी तपासणी करवावी, कारण दीर्घकाळच्या दाहातून कर्करोगाचा धोका वाढतो. सर्वांस मानवेल असा एकच आहार अद्याप कोणीही सिद्ध केलेला नाही. म्हणून भडक्याच्या काळात जे सोसवेल ते खावे, पण पथ्याच्या नावाखाली आधीच खंगलेल्या शरीराची उपासमार होऊ देऊ नये.

जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांस हा रोग तरुणपणापासून होता. २००७ साली त्याने त्यांना पद सोडावयास लाविले. नवे औषध लागू पडल्यावर २०१२ साली ते परत आले व जवळजवळ आठ वर्षे त्यांनी राज्यकारभार केला. २०२० साली रोग उलटला तेव्हा त्यांनी कारण उघडपणे सांगून पुन्हा पद सोडिले. या रोगाचे यथार्थ चित्र यातच आहे. तो पूर्ण जात नाही, पण बहुतेकांचे आयुष्य तो संपवीतही नाही. त्याच्याशी तह करून राहावे लागते, आणि तहाची कलमे दोघांनीही पाळावी लागतात. वैद्यकाने आपल्या वाट्याचे एक कलम फार उशिरा शिकून घेतले, ते असे की, जे कळत नाही ते कळत नाही असे म्हणावे, आणि तोवर कोणावर आळ घेऊ नये. हेच कलम रोग्याच्या शेजारी बसणाऱ्या आप्तेष्टांनीही पाळावे. ‘तू फार काळजी करतोस म्हणून असे होते,’ हे वाक्य आपल्या घरांत अजून ऐकू येते. ज्या दिवशी ते थांबेल, त्या दिवशी औषध न बदलताही रोग्याचा निम्मा भार हलका होईल.